बदकांचा तंबू

मावशीला तळ्याकाठी जाऊन राहायचंय हे मला कळलं तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर उभी राहून पडद्याचा दांडा बसवत होती. तोंडात दोन स्क्रू धरून बोलत होती, त्यामुळे मला आधी काही उमगलंच नाही. मी पुन्हा विचारल्यावर तिने स्क्रू हातात घेतले, खाली वळून पाहिलं आणि ऑपरेशनची तारीख सांगावी तशा आवाजात म्हणाली, "तळ्यावर. जंगलात. तंबूत."

मला हसू आलं. तिने स्क्रू परत तोंडात धरले आणि कामाला लागली. रागावली की मावशी बोलणं बंद करते, त्यामुळे तोंडात स्क्रू असताना ती रागावली आहे की नुसतीच कामात आहे हे कळायला मार्ग नसतो. दांडा बसला, पडदा चढला, चुण्या सारख्या करून झाल्या, तरी ती गप्प. तेव्हा मी चहा ठेवला आणि म्हटलं, बरं, आता नीट सांग.

मावशी पडद्यांच्या दुकानात कामाला होती. औषधांचं दुकान आणि घड्याळजी यांच्या मधोमध ते अरुंद, खोलच खोल दुकान. पुढे कापडाचे तागे, मध्ये बेतायचं लांबलचक टेबल, आणि अगदी मागे, खिडकीपाशी, मावशीचं मशीन. दुकान ज्यांचं होतं त्या बाईंना सगळा रस्ता पाठीमागे 'इंचबाई' म्हणायचा. गळ्यात कायम टेप, आणि गिऱ्हाईक म्हणालं की खिडकी साधारण अमुक इतकी असेल, की बाई म्हणायच्या, "साधारण खिडकी मी अजून पाहिली नाही. मापून आणा." कापड त्या स्वतः बेतायच्या, शिवायची मावशी. दोघींचं इतकी वर्षं काम एकत्र, पण एकीने दुसरीच्या घरचा चहा कधी घेतला नव्हता. मावशी त्यांना अहोजाहो करायची, त्या मावशीला अगं-तूगं. कौतुक हा प्रकार बाईंच्या स्वभावात नव्हता. फार खूश झाल्या तर "चालेल" म्हणायच्या, आणि मावशी त्या दिवशी घरी येऊन यजमानांना, म्हणजे काकांना, सांगायची की आज 'चालेल' मिळालं.

तर झालं होतं असं, की वनखात्याच्या कचेरीत पडदे लावायचं काम निघालं. मावशी तिथे स्टुलावर चढून दोन दिवस दांडे ठोकत होती, आणि तिच्या नाकासमोर भिंतीवर त्या तळ्याचा भला मोठा फोटो होता. डोंगरांच्या मधे पसरलेलं पाणी, काठाने दाट झाडी, आणि माणसाची एकही खूण नाही. घर नाही, वाट नाही, विजेचा खांब नाही. तिने तिथल्या कारकुनाला विचारलं की इथे माणसांना जाऊ देतात का. तो म्हणाला, देतात की, पण परवाना काढावा लागतो. गाडी शेवटच्या गावापर्यंत जाते, पुढे पायी. तळ्याकाठी मोजक्याच जागा आहेत, तिथे आपला तंबू आपणच ठोकायचा. त्याने माहितीपत्रक दिलं. ते मावशीने माझ्यासमोर टेबलावर पसरलं. घड्या पडून पडून त्याच्या कडा फाटायला आल्या होत्या.

"मी ते बघतच राहिले," ती म्हणाली. "पुढे काही बोलायचं नाहीये मला त्याबद्दल. फक्त तू तो परवाना काढून दे. मला त्या कॉम्प्युटरचं जमत नाही."

परवाना काढायला बसलो तेव्हा पहिली अडचण आली. रानात एकट्या माणसाला मुक्कामाची परवानगी नव्हती, निदान दोघं हवेत. मावशीला वाटलं, त्यात काय, काका आहेत. ती दोघं आमच्याच इमारतीत राहायची. काकांनी सारा जन्म बस चालवली आणि निवृत्त झाल्या दिवशी घरात येऊन जाहीर केलं की आता जगाला मला भेटायचं असेल तर जगाने इकडे यावं. त्यांची खुर्ची गॅलरीत असे. तिथून रस्ता दिसायचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बसच्या आवाजावरून ते तिचा गिअर ओळखायचे. मावशीने विषय काढल्यावर त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आणि म्हणाले की तिथे जायला बस कोणती, ती कुठे बदलायची, कुठल्या थांब्यावर उतरून पाय मोकळे करायचे हे सगळं मी सांगतो, पण मी स्वतः यायचा नाही. मावशीने दोन-तीनदा वेगवेगळ्या बाजूंनी विचारून पाहिलं. काका विरघळले नाहीत.

मग मी. पण माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. माझ्या आईला गुडघ्यांमुळे जिना उतरायचाच वांधा. शेजारच्या नर्सबाई आधी हो म्हणाल्या, आणि तिथे संडास कसा असतो हे ऐकल्यावर त्यांची ड्युटी बदलली. मावशीच्या जाऊबाईंनी तर सरळ विचारलं की या वयात हे काय खूळ. मावशीने कोणाशी वाद घातला नाही. तिने तंबू शिवायला घेतला.

विकतचा तंबू आणू असं मी सुचवलं होतं. ते तिला अपमानास्पद वाटलं. जी बाई मंगल कार्यालयांचे आणि नाटकाच्या थिएटरचे पडदे शिवते ती दोन माणसांचं छप्पर विकत आणणार? काठ्या आणि खुंट्या तिने एका लोहाराकडून करून घेतल्या. प्रश्न कापडाचा होता. पाणी न झिरपणारं कापड दुकानात एकच शिल्लक होतं: मुलांच्या दवाखान्याने न्हाणीघरांसाठी मागवलेलं आणि नंतर नको म्हणून परत केलेलं. त्यावर पिवळी बदकं होती. रांगेने, एका मागे एक, सगळी डावीकडे निघालेली. मावशीने इंचबाईंना विचारलं, तो तागा मी घेऊ का? बाईंनी विचारलं कशाला, आणि मावशीने खरं ते सांगून टाकलं. तागा काढून त्यांनी मावशीच्या मशीनजवळ ठेवला.

तंबू तयार झाला तेव्हा सुट्टीच्या सकाळी आम्ही तो इमारतीच्या गच्चीवर उभा करून पाहिला. गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत म्हणून दोऱ्या पाण्याच्या टाकीला, कठड्याला आणि एक काकांच्या खुर्चीला बांधली. काका खुर्चीत बसले, वजन म्हणून. तंबू खरंच उभा राहिला आणि छान दिसला. मावशी आत जाऊन आडवी झाली. खालच्या मजल्यांवरची माणसं बघायला वर आली, कोणी म्हणालं अंडी कधी देणार. काका हसायला म्हणून खुर्चीतून उठले आणि नेमका तेव्हाच वारा आला. मावशीसकट तंबूची एक बाजू उचलली गेली, दोन काठ्या निसटल्या, आणि बदकांमधून मावशीचा आवाज आला, "बसा म्हणते ना खाली." काका बसले.

दुसऱ्या दिवशी दुकानात बाईंनी तंबूचं काय झालं ते विचारलं. मावशीने सगळं सांगितलं, आणि ओघात हेही सांगितलं की तंबू जमेल पण जायला जोडीदार मिळत नाही, त्यामुळे बेत बहुधा रद्दच. बाई तेव्हा टेबलावर कापड अंथरत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मी येते."

मावशीला वाटलं, चेष्टा. पण बाई चेष्टा करत नसत.

घरी येऊन मावशीने हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळे तिच्या वतीने घाबरलो. ज्या बाईपुढे दिवसभर मान खाली घालून काम करायचं तिच्याचबरोबर एका तंबूत झोपायचं? काका तर म्हणाले की वाटलं तर मी येतो. मावशीने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते मुकाट्याने गॅलरीत गेले. तिचं म्हणणं, त्या स्वतःहून म्हणाल्या आहेत, आता नाही कसं म्हणू. आणि मला वाटतं तिला थोडं कुतूहलही होतं.

पुढचे काही आठवडे फार मजेचे गेले. दुकानात बाईंचं चालायचं, पण तळ्याच्या बाबतीत सगळा कारभार मावशीकडे होता आणि हे दोघींनाही नवीन होतं. बाईंनी आणायच्या सामानात उशी, घडीची खुर्ची, गजराचं घड्याळ आणि लहान इस्त्री धरली होती. मावशीने एकेक वस्तू बाजूला काढली. इस्त्रीला तिथे वीज नाही एवढंच ती म्हणाली; बाकीच्यांना कारणही दिलं नाही. उशीवर मात्र बाई अडून बसल्या आणि उशी राहिली. बूट आधी वापरून सैल करायला हवेत म्हणून बाई दुकानात साडीखाली चालायचे बूट घालून वावरू लागल्या. दुकान बंद केल्यावर दोघी पाठीवर कापडाचे तागे बांधून आमच्या इमारतीचे जिने चढायच्या-उतरायच्या, आणि दर मजल्यावर कोणीतरी दार उघडून विचारायचं की कोणाकडे पडदे आलेत. बाईंनी आमच्या घरचा चहा पहिल्यांदा घेतला तो तेव्हा. काकांशी त्यांचं चांगलं जमलं. बसमध्ये मागच्या चाकावर बसू नका, घाटात खिडकीबाहेर न बघता समोर बघा, हे त्यांनी बाईंना पुन्हा पुन्हा सांगितलं आणि बाईंनी ते पुन्हा पुन्हा ऐकून घेतलं.

निघायच्या दिवशी काका स्टँडवर सोडायला गेले. आधी बसचे टायर लाथ मारून पाहिले, मग ड्रायव्हरशी बोलून आले. मावशीला म्हणाले, माणूस बरा आहे, ब्रेक जपून वापरतो.

पुढची हकिगत मला दोघींकडून वेगवेगळी कळली आहे, आणि ती सगळीकडे जुळत नाही. पण शेवटच्या गावात उतरून चालायला लागल्यावर बाई दोनदा अडखळल्या यावर दोघींचं एकमत आहे. झाडांची मुळं वाटेवर आली होती. बाईंना ती दिसत नव्हती. तिसऱ्यांदा अडखळल्यावर मावशीने आपल्या पाठपिशवीचा लोंबता पट्टा मागे केला आणि बाईंनी तो हातात धरला. मावशी पुढे चालत "मूळ", "दगड", "उतार" असं म्हणत राहिली. बाई म्हणतात, ती हे इतकं सहज करत होती की मला आधी वाटलं, स्वतःशीच बोलतेय.

तळ्याच्या अलीकडे चौकी होती. तिथे एक वनरक्षक बाई असायच्या. परवान्यासाठी मावशी त्यांच्याशी इतक्यांदा फोनवर बोलली होती की भेटताक्षणी दोघी नणंद-भावजयांसारख्या बोलू लागल्या. त्यांनी नियम सांगितले. तळ्यात साबण न्यायचा नाही, भांडी काठापासून लांब घासायची. खाण्याचं सगळं लोखंडी पेटीत ठेवून कडी लावायची, कारण रानडुकरं येतात. फोटोत दिसणारी काठावरची जागा पाण्याखाली गेली होती, त्या वर्षी तळं चढलं होतं, म्हणून त्यांनी जरा वरची, झाडांत शिरलेली एक सपाट जागा दिली. मावशी हिरमुसली. इतके महिने डोळ्यांपुढे ठेवलेली जागा, आणि तिथे आता नुसत्या झुडपांचे शेंडे पाण्यावर.

तंबू उभा केल्यावर वनरक्षक बाई तो बघायला आल्या. त्याला एक फेरी मारून म्हणाल्या, "यंदा तळ्यावर बदकं कमीच आलीत. बरं झालं तुम्ही घेऊन आलात." यावर इंचबाई हसल्या. मावशी शपथेवर सांगते की तोवर तिने त्यांना दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं नव्हतं.

रात्री वारा सुटला आणि पाऊस आला. तंबू वाऱ्याला टिकला. पाण्याला टिकला नाही, कारण शिवणींतून गळू लागला. मावशी म्हणते थोडासा; बाई म्हणतात उशी पिळावी लागली. सकाळी दोघी ओल्या पांघरुणांसह बाहेर येऊन बसल्या. पाऊस थांबला होता. तळ्यावर धुकं होतं आणि ते काठाकडून आत सरकत चाललं होतं. मावशीने स्टोव्ह पेटवला. चहा झाला, ब्रेड आणि उकडलेले बटाटे खाऊन झाले, आणि मग भांडी घेऊन दोघी काठापासून लांब, झाडाखाली बसल्या. बाई घासत होत्या आणि मावशी बादलीतून पाणी घालत होती. त्या वेळी बाई म्हणाल्या, "माझी कात्री चुकते, हे तुला ठाऊक आहे ना?"

मावशी म्हणाली, "आहे."

"कधीपासून?"

"झालं की आता वर्ष."

"मग पडदे बरोबर कसे जातात?"

मावशीने पाणी घातलं. म्हणाली, तुम्ही घरी गेलात की मी मागे थांबून पुन्हा मापते. कमी असेल तर खालची दुमड लहान करते, तिरकं असेल तर सरळ करते. फारच झालं तर नवीन कापते.

बाईंनी हातातलं पातेलं तसंच धरून ठेवलं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनी मग सांगितलं. मधलं दिसायचं कमी होत जाणार, कडेकडेचं राहील, औषधाने फार तर वेग कमी होईल. घरात सांगायला कोणी नव्हतं, आणि दुकानात सांगायचं धाडस झालं नव्हतं, कारण सांगितलं की दुकान बंद करायचा विषय निघणार. "तू तळ्याचं म्हणालीस तेव्हा वाटलं, दिसतंय तोवर आपणही बघून घ्यावं," त्या म्हणाल्या. "आणि तुला सांगावं. टेबलापाशी उभं राहून नसतं सांगता आलं मला."

मावशीला राग आला. हे ती स्वतः सांगते, बाई सांगत नाहीत. राग डोळ्यांचा नव्हता. इतकी वर्षं एकत्र काम करूनही आपण दोघींनी एकमेकींपासून तीच एक गोष्ट लपवली, बाईंनी तिकडून आणि आपण इकडून, याचा तिला राग आला. ती उठून काठापर्यंत गेली, थोडा वेळ तिथे उभी राहिली आणि परत आली. "तुम्ही मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "तू सांगितलं असतंस तर मी तुला कामावरून काढलं असतं." हे खरं आहे असं दोघींनाही वाटलं, आणि मग मावशीचा राग गेला.

त्या आणखी एक दिवस तिथे राहिल्या. पांघरुणं फांद्यांवर वाळत घातली. मावशी पाण्यात उतरली, गुडघ्यांपर्यंत. बाई काठावर दगडावर बसून होत्या. बरंच काही बघितलं म्हणतात. एक मोठा करडा पक्षी, पाण्यात अर्धी बुडालेली झाडं, पलीकडच्या काठावर पाणी प्यायला आलेली रानडुकराची मादी आणि तिच्यामागे पिल्लांची रांग. बाईंना पिल्लं दिसली नाहीत. मावशीने ती बोट करून दाखवायचा प्रयत्न केला. बाई म्हणाल्या, जरा बाजूला बघितलं की दिसतात, थांब. आणि मान वळवून, भलतीकडे बघितल्यासारखं करत, त्यांनी ती पाहिली.

परत आल्यावर बेतायच्या टेबलाशी मावशी उभी राहू लागली. रस्त्यावर कोणाला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. शिवायला दुसरी एक बाई ठेवली. इंचबाई पुढे, गिऱ्हाइकांपाशी बसायच्या. कापड बोटांत धरून ते कुठल्या गिरणीचं ते सांगायच्या आणि पूर्वीइतक्याच तोडून बोलायच्या. मावशी त्यांना अजून अहोजाहोच करायची, पण दुपारचा डबा आता दोघी एकत्र खायच्या, आणि मावशीचा डबा आवडला नाही तर बाई तसं स्पष्ट सांगायच्या.

दुसऱ्या वर्षी काकाही तळ्यावर गेले. कोणी आग्रह केला नव्हता. मावशी परवान्यासाठी माझ्याकडे आली तेव्हा ते तिच्या मागोमाग आले आणि म्हणाले, तिघांचा काढ. वाटेत त्यांनी मागच्या सीटवरून ड्रायव्हरच्या चुका काढल्या, तळ्यावर पोहोचल्यावर झोपून गेले, आणि दुपारी उठून म्हणाले की इथे एकही हॉर्न ऐकू येत नाही. बाईंना पट्टा धरायला देऊन वाटेवरून पुढे चालायचं काम त्या वर्षापासून त्यांच्याकडे गेलं. ते "मूळ", "दगड" म्हणत नाहीत. गिअर बदलल्यासारखा घशातून आवाज काढतात, चढाला एक, उताराला दुसरा. बाई म्हणतात की हेच जास्त बरं कळतं.